डेव्हिड कार्सन यांची पृष्ठरचना : एका ऋणाचा विचार

समुद्रकिनाऱ्यावर उभ्या राहिलेल्या अमुक एका डिझाइन-स्टुडिओने सर्फिंग आणि स्केटबोर्डिंग या खेळांपासून प्रेरणा घेतली आहे, असे विधान अलीकडे वारंवार वाचावयास मिळते. त्याच्या पुष्ट्यर्थ जो पुरावा दिला जातो तो बहुधा ठरावीक असतो : लाटेची वळणे, मावळतीचा केशरी रंग, फळीचा लांबट आकार, पामवृक्षांच्या सावल्या. मराठीवरील फारसीचा प्रभाव दाखवावयास सांगितले असता जो विद्यार्थी शे-दोनशे शब्दांची यादी लिहून मोकळा होतो, त्याचे उत्तर चूक नसते. पण ते अपुरे असते. शब्द हे ऋणाचे सर्वांत सहज दिसणारे रूप होय, सर्वांत खोल रूप नव्हे.

भाषाविज्ञानाच्या अभ्यासकास हा भेद नवा नाही. आयनार हॉगेन यांनी १९५० मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात परभाषेतील रूप जसेच्या तसे आणणे आणि परभाषेतील नमुन्याबरहुकूम स्वतःच्याच सामग्रीची नवी जुळणी करणे, या दोन क्रिया वेगळ्या करून दाखविल्या. ‘टेबल’ हे पहिल्याचे उदाहरण, तर ‘दूरदर्शन’ हे दुसऱ्याचे. याहूनही पुढची पायरी आपल्या सांगली जिल्ह्यातील कुपवाड येथे आढळते. गंपर्झ आणि विल्सन यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार तेथील मराठी, कानडी व उर्दू या बोलींची शब्दसंपत्ती भिन्न राहिली. वाक्यरचना मात्र इतकी जवळ आली की एकीतील वाक्य दुसरीत शब्दाला शब्द ठेवून उतरविता यावे. तेथे परका शब्द शोधू गेल्यास हाती फारसे लागणार नाही, आणि तरीही ऋण आहेच. मराठीतील ‘आम्ही’ व ‘आपण’ हा भेद अनेक अभ्यासक द्राविड संपर्काशी जोडतात, त्यातही दोन्ही शब्द आपलेच आहेत. शंका आहे ती भेदाविषयी. या भेदाचे काम पुढे पडणार आहे, म्हणून येथेच त्याचा उल्लेख करून ठेवतो.

डेव्हिड कार्सन या अमेरिकन पृष्ठरचनाकाराचे काम प्रस्तुत लेखकास याच दृष्टीने विचारणीय वाटते. चित्रकलेच्या शास्त्रात शिरण्याचा माझा अधिकार नाही. पण छापील पान ही भाषेचीच एक अवस्था आहे, आणि त्या अवस्थेत कार्सन यांनी जी उलथापालथ केली तिच्याविषयी भाषेच्या अध्यापकाने मौन पाळावे, असेही मला वाटत नाही.

प्रथम ऋणको आणि धनको यांची ओळख करून घेणे आवश्यक आहे. फळीवर उभे राहून लाटेवरून घसरत जाण्याचा खेळ हवाई बेटांचा. हवाई भाषेत त्यास ‘हेए नालू’ म्हणतात. पहिल्या पदाचा अर्थ घसरणे, दुसऱ्याचा लाट. (‘नालू’ या शब्दाचा दुसरा अर्थ मनाशी विचार घोळविणे असाही कोशात दिलेला आहे. त्यावर काव्य रचण्याचा मोह येथे आवरलेला बरा.) १९०७ मध्ये जॉर्ज फ्रीथ यांनी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर या खेळाची प्रात्यक्षिके केली आणि तेथे तो रुजला. वस्तू आली, नाव आले नाही. नाव इंग्रजीने आपल्याच शब्दांतून घडविले.

पुढे लाटा नसतील त्या दिवशी काय करावयाचे, या प्रश्नातून चाके लावलेली फळी रस्त्यावर आली. प्रारंभी तिला ‘पदपथावरील सर्फिंग’ अशा अर्थाचेच नाव होते. म्हणजे हा खेळ जन्मतःच एक भाषांतर होता. मातीच्या घट्ट चाकांवर हे भाषांतर फारसे साधत नसे. १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत फ्रँक नॅसवर्दी यांनी युरेथेनची चाके बाजारात आणली, ती जमिनीला धरून राहू लागली, आणि लाटेवरची वळणे फरशीवर घेता येऊ लागली. हवाईचा सर्फर लॅरी बर्टलमन लाटेवर अगदी खाली वाकून हाताने पाण्याला स्पर्श करीत वळत असे. सांता मोनिका येथील झेफिर या सर्फ-दुकानाच्या मुलांनी तेच वळण डांबरी उतारावर हात टेकवून घेतले आणि त्या वळणास ‘बर्ट’ असे नाव पडले. विशेषनामाचे सामान्यनाम होण्याचा हा प्रकार आपणांस परिचित आहे. १९८० नंतर हवेत उडी घेण्याचे कसब फरशीवरून परत लाटेवर गेले. ऋण अशा रीतीने दोन्ही दिशांनी फिरत राहिले.

पण या भाषांतरात एक मूलभूत फरक पडला, आणि माझ्या मते सारा विषय त्या फरकात आहे. लाट कोणी कोणासाठी निर्माण केलेली नसते. ती येते, फुटते, नाहीशी होते; दुसरी तिच्यासारखी नसते. सर्फर तिचा अंदाज घेतो आणि तिच्याशी जुळवून घेतो. फरशीचे तसे नाही. जिन्याचा कठडा आधारासाठी केलेला असतो, शाळेच्या पटांगणाचा उतार पाणी वाहून जावे म्हणून, आणि पोहण्याचा तलाव पोहण्यासाठी. १९७६-७७ च्या अवर्षणात कॅलिफोर्नियातील कित्येक तलाव कोरडे पडले, तेव्हा त्यांच्या गोलसर भिंतींवर ही मुले चढू लागली. येथे खेळणारा निसर्गाशी जुळवून घेत नाही. दुसऱ्याने विशिष्ट हेतूने बांधलेल्या वस्तूचा तो हेतूबाहेर उपयोग करतो. सर्फिंग हे अनुसरण आहे, तर स्केटबोर्डिंग हे विपरीत वाचन आहे. क्रेग स्टेसिक यांनी १९७५ पासून स्केटबोर्डविषयक मासिकात जे लेख आणि छायाचित्रे प्रसिद्ध केली, त्यांचा सारा रोख या दुसऱ्या गोष्टीवर आहे : शहर एकाने बांधले, ते कशासाठी आहे हे दुसऱ्याने ठरविले.

या दोन्ही खेळांची स्वतःची दृश्यपरंपरा कार्सन यांच्या आधीपासून होती. जॉन सेव्हर्सन यांनी १९६० मध्ये आपल्या चित्रपटासोबत विकण्यासाठी छत्तीस पानांची एक पुस्तिका काढली आणि तिचेच पुढे ‘सर्फर’ हे मासिक झाले. रिक ग्रिफिन यांची व्यंगचित्रे त्यात येत. जॉन व्हॅन हॅमर्सव्हेल्ड यांनी ‘द एंडलेस समर’ या चित्रपटासाठी केलेले भडक रंगांचे भित्तिपत्रक तर आज अनेकांना चित्रपटापेक्षा अधिक ओळखीचे आहे. हे सर्व काम गुणी आहे. परंतु आपल्या परिभाषेत ही शब्दऋणे आहेत : सूर्य, फळी, मनुष्याकृती. वाचावयाचे पान त्यांनी होते तसेच राहू दिले.

कार्सन हे मूळचे समाजशास्त्राचे पदवीधर, सॅन डिएगो परिसरातील एका शाळेत शिक्षक आणि व्यावसायिक स्पर्धांत उतरणारे सर्फर. मुद्रणकलेचे त्यांचे शिक्षण १९८० मधील एका दोन आठवड्यांच्या वर्गाने सुरू झाले आणि पुढे स्वित्झर्लंडमधील एका अल्प मुदतीच्या अभ्यासवर्गाची त्यात भर पडली. १९८४ च्या सुमारास ते ‘ट्रान्सवर्ल्ड स्केटबोर्डिंग’ या मासिकाचे कलासंपादक झाले. त्यानंतर ‘बीच कल्चर’ (१९८९-९१), थोडा काळ ‘सर्फर’, आणि १९९२ ते १९९५ या काळात ‘रे गन’ हे संगीतविषयक मासिक. १९९५ मध्ये त्यांनी स्वतःच्या नावाचा स्टुडिओ काढला. या क्रमातील एक गोष्ट सहसा कोणी लक्षात घेत नाही : सर्फर असलेल्या या मनुष्याने पृष्ठरचना शिकली ती स्केटबोर्डच्या मासिकात.

त्यांच्या पानांची वैशिष्ट्ये थोडक्यात सांगता येतात. पानाची पूर्वनिश्चित चौकट ते मानीत नाहीत. स्तंभ एकमेकांवर चढतात, ओळी समासातून बाहेर जातात, अक्षरांमधील अंतर एका शब्दात कमी-जास्त होते, शीर्षकाचे तुकडे पडतात, पृष्ठांक मथळ्याएवढा होऊन बसतो. त्यांचे चाहते याला लाटेची उपमा देतात : पान वाहते आहे, रचनाकार अंतःप्रेरणेने त्यावर स्वार झाला आहे, इत्यादी. ही उपमा मला मान्य नाही. पान वाहत नाही. पान स्थिर आहे, चतुष्कोणी आहे, आणि विशिष्ट हेतूने बांधलेले आहे. पृष्ठांक शोधण्यासाठी असतो, स्तंभांमधील मोकळी जागा डोळ्यास ओळ संपल्याचे सांगण्यासाठी असते, समास अंगठा ठेवण्यासाठी असतो. ही सारी सोय म्हणजे कठडा आणि उतार होय, आणि कार्सन तिच्याशी जे करतात ते झेफिरच्या मुलांनी कोरड्या तलावाशी केले तेच. ‘रे गन’च्या बहुतेक पानांवर लाटही नाही, फळीही नाही, पण व्याकरण तेथलेच आहे. कुपवाडसारखी ही स्थिती आहे.

आता गुणदोषांचा विचार करू. त्यासाठी दोन पाने पुरेशी आहेत.

पहिले ‘बीच कल्चर’मधील. एका अंध सर्फरविषयी लेख होता. तो उघडताच समोरासमोरची दोन्ही पाने संपूर्ण काळी येतात. पर्स यांच्या वर्गीकरणानुसार लेखनातील अक्षर हे संकेतचिन्ह आहे. येथे मात्र पान हेच प्रतिमाचिन्ह झाले आहे, कारण त्याचे आपल्या विषयाशी साम्य आहे. वाचक पान उघडतो आणि त्याला काही दिसत नाही. ज्याच्याविषयी तो वाचणार आहे त्यालाही काही दिसत नाही आणि तरीही तो लाटेवर उभा राहतो. एका शब्दाचेही नुकसान न करता लेखाचा आरंभ येथे वाचकाच्या डोळ्यांतच घडवून आणला आहे. महागड्या मासिकाची दोन पाने अशी खर्ची घालण्यास संपादकाची संमती लागली असेल, याचीही नोंद घ्यावी.

दुसरे पान ‘रे गन’मधील. गायक ब्रायन फेरी यांची मुलाखत कार्सन यांना कंटाळवाणी वाटली, म्हणून तिचा मजकूर त्यांनी झॅफ डिंगबॅट्स या टंकात लावला. या टंकात अक्षरेच नाहीत. कात्री, तारका, बाण, फुले अशी चिन्हे आहेत. हे पान जगभर गाजले. त्याचे वर्णन ‘मजकूर नष्ट केला’ असे केले जाते, परंतु भाषिक दृष्ट्या ते चुकीचे आहे. टंक तेवढा बदलल्यामुळे प्रत्येक अक्षरासाठी एक ठरावीक चिन्ह आले. म्हणजे ही एकास-एक प्रतिनिधानाची गुप्तलिपी झाली. चिन्हांची वारंवारता आणि त्यांचे वितरण अबाधित राहिले. कोणी चिकाटीने बसल्यास मुलाखत उलगडता येईल. ज्या पानांत ओळींवर ओळी छापल्या जातात तेथे माहिती खरोखर नाहीशी होते. येथे ती नुसती कुलूपबंद झाली. शिवाय तीच मुलाखत त्याच अंकाच्या शेवटी साध्या टंकात छापलेली होती. बंडखोरी म्हणून गौरविलेल्या पानास मागे एक सुवाच्य प्रत जोडावी लागावी, यातच त्या बंडखोरीचे मोजमाप होते.

हे पान वर्गात दाखविले तेव्हा बहुतेक विद्यार्थी खूश झाले. एका विद्यार्थिनीने मात्र विचारले, “सर, ती मुलाखत ज्याने घेतली, ध्वनिफितीवरून उतरवून काढली, त्याला कोणी विचारले होते का?” तिने स्वतः क्षेत्रीय अभ्यासासाठी दोन महिने एका बोलीचे नमुने उतरवून काढले होते, म्हणून हा प्रश्न तिला सुचला. तलावाची उपमा येथे कोठे तुटते ते या प्रश्नाने स्पष्ट होते. तलाव अवर्षणाने कोरडा झाला होता, त्यावर खेळल्याने कोणाचे पोहणे अडले नाही. मुलाखत कोरडी नव्हती. रचनाकाराने ती आपल्या अभिरुचीनुसार कोरडी ठरविली आणि स्वतः उपसली.

येथे ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा भेद उपयोगी पडतो. इंग्रजीत दोहोंसाठी एकच सर्वनाम असल्यामुळे कार्सन यांच्यावर इंग्रजीत झालेल्या चर्चेला तो सहजी सुचत नसावा. काळे पान ‘आपण’ म्हणते. अंध सर्फर, लेखक, रचनाकार आणि वाचक या सर्वांना ते एका अंधारात घेते. चिन्हांचे पान ‘आम्ही’ म्हणते. ज्याला कंटाळा आला तो आणि त्याची बाजू घेणारे आत, मुलाखतकार आणि फेरींचे चाहते बाहेर. दोन्ही पानांत वाचनास अडथळा आहे, पण अडथळा ही गोष्ट दोषाचे किंवा गुणाचे कारण ठरू शकत नाही.

म्हणूनच सुवाच्यतेच्या नावाने झालेला विरोधही मला अर्धवट वाटतो. बिॲट्रिस वॉर्ड यांनी १९३० मध्ये लंडन येथे दिलेल्या व्याख्यानात मुद्रण हे स्वच्छ काचेच्या पेल्यासारखे असावे, त्यातील मद्य दिसावे, पेला दिसू नये, असा सिद्धांत मांडला. कार्सन यांचे टीकाकार बहुधा याच सिद्धांताचा आश्रय घेतात. ग्रंथाच्या बाबतीत तो योग्यच आहे. परंतु सर्व वाचन अनोळखी माणसांमध्ये घडत असते, हे त्यातील गृहीतक सर्वत्र खरे नाही. शॅनन यांनी १९४८ मध्ये असे गणित मांडले होते की सामान्य इंग्रजी मजकुरातील सुमारे निम्मा भाग रचनेमुळेच अपेक्षित असतो. म्हणजे तेवढा गाळला तरी उरलेल्यावरून तो भरून काढता यावा. ज्या गटाचे अनुभव, शब्द आणि माणसे समान आहेत, तेथे हे प्रमाण वाढत जाणार हे उघड आहे. बर्नस्टाइन यांची मर्यादित संहितेची कल्पना येथे लागू पडते. स्केटबोर्डच्या मासिकाचा वाचक पानावर येण्यापूर्वीच निम्मे पान जाणत असतो; त्याच्यासमोर तुटका मथळा टाकणे हा उर्मटपणा नव्हे, ती जवळीक आहे. आपल्याकडील साठोत्तरी अनियतकालिकांच्या चक्रमुद्रित, डागाळलेल्या पानांची वाचकांनी तक्रार का केली नाही, याचेही उत्तर यातच असावे. तेथील ओबडधोबडपणा पैशाच्या अभावी आला होता, हा भाग वेगळा.

ही जवळीक सरताच शैलीचे काय होते, तेही कार्सन यांच्याच उत्तरायुष्यात पाहावयास सापडते. पेप्सी, नाइके, लेव्हाय स्ट्रॉस अशा कंपन्या त्यांच्या ग्राहक झाल्या. तुटकी अक्षरे तीच होती, वाचक मात्र कोणीही होता. कोणाही वाचकासाठी केलेल्या जाहिरातीत अक्षर खरोखर अवाच्य करून चालत नाही; म्हणून ते अवाच्य दिसेल एवढेच केले जाते. रचनेचे ऋण अशा रीतीने पुन्हा शब्दऋणाच्या पातळीवर उतरले. खरचटलेला टंक हा आता पामवृक्षासारखाच एक नग झाला आहे आणि तो कोणत्याही संगणकावर विकत मिळतो. याचा दोष सर्वस्वी कार्सन यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. अनुकरण करणाऱ्यांनी त्यांची पाने पाहिली, ती कोणासाठी होती हे पाहिले नाही.

आपल्या विभागातील जे विद्यार्थी नियतकालिके काढतात त्यांच्यापैकी काहींनी कार्सन यांच्या वळणावर देवनागरी पाने जुळविण्याचा प्रयत्न केला आहे, म्हणून त्याविषयी थोडे लिहितो. रोमन लिपीत शब्दाची हद्द एकाच खुणेने कळते, ती म्हणजे मोकळी जागा. देवनागरीत ती दोनदा कळते : मोकळ्या जागेने आणि शिरोरेषा तुटण्याने. यामुळे कार्सन यांची आवडती युक्ती, म्हणजे शब्दातील अक्षरे विषम अंतराने पांगविणे, आपल्याकडे अधिक महाग पडते. रोमनमध्ये तिने शब्द सैल होतो. देवनागरीत शिरोरेषा मध्येच तुटते आणि एका शब्दाचे चार शब्द होतात. उलट, शब्दांमधील जागा जवळजवळ नाहीशी करणे रोमनला जड जाते. देवनागरीत शिरोरेषेतील केसाएवढी फट राखली तरी शब्द उभा राहतो. खिळे जुळविणाऱ्या जुन्या जुळाऱ्यांना हे सांगावे लागत नसे. गेल्या सत्रात एका विद्यार्थ्याने एकच परिच्छेद या दोन्ही प्रकारांनी छापून आणला. जागा काढलेला परिच्छेद वर्गाने थोडे अडखळत का होईना, अखेरपर्यंत वाचला. अक्षरे पांगविलेला तिसऱ्या ओळीतच सोडून द्यावा लागला.